तो ‘हाय’ म्हणतो

अमेरिकेत नोव्हायला राहणाऱ्या नंदाकाकूंना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. रेन तोकुहारा हे नाव त्यांना पाठ झालं ते नातीमुळे. रुही शाळेतून आली की सोफ्यावर पाय दुमडून त्याचेच व्हिडिओ लावते. जपानचा हा पोरगा इथल्या एका क्लबकडून खेळतो. मोठ्या सामन्यात त्याची पेनल्टी हुकली, पत्रकारांनी घेरलं, आणि तो मान खाली घालून नुसता “हाय... हाय...” करत राहिला. तेवढ्या तुकड्यावर जग फिदा झालं. कुणी त्याला गाणं जोडलं, कुणी त्याला मांजराचे कान लावले. लाखो लोकांनी बदाम पाठवले.

काकू मात्र रुहीवर ओरडल्या.

“बंद कर गं ते! लेकराने हाय खाल्लीय आणि तुम्ही हसताय?”

हाय खाणं त्यांच्या घरातच घडलं होतं. त्यांचा निमिष, म्हणजे रुहीचा बाबा, इथली नोकरी गेली तसा याच घरात बसला आणि काही महिन्यांत हृदय बंद पडून गेला. अकोल्याला भेटायला येणारा जो तो हेच म्हणे, पोराने हाय खाल्ली. मग सून आश्लेषा त्यांना इकडे घेऊन आली. आता रुहीच्या फोनमधून तो शब्द आला, की वरच्या खोलीत निमिषच कण्हतोय असं वाटून त्यांचा हातातला घास हातात राही. संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना त्या परक्या पोराचंही नाव घेऊ लागल्या.

एकदा रुहीने ते ऐकलं. “आजी, तू रेनसाठी प्रे करतेस? सो क्यूट! पण का?”

“अगं, जीव जळतोय त्याचा. सारखं हाय हाय करतो बिचारा.”

रुही हसत सुटली. “ओ माय गॉड, आजी! जॅपनीजमध्ये हाय मीन्स यस. ते विचारतात, तू ओके आहेस का? तो म्हणतो, हो. दॅट्स इट!”

काकूंना हसू आलंच नाही. अकोल्याहून त्या निमिषला रोज फोन करत. जेवलास? हो. झोप लागते? हो. बरं आहे ना रे सगळं? हो आई, हो. आणि त्या निवांत मनाने फोन ठेवून देत.

फोनमधला पोरगा पुन्हा मान हलवत होता. हाय, हाय. आता अर्थ कळत होता, आणि तेच ऐकवत नव्हतं.

त्यांनी रुहीकडे पाहिलं. बाप गेल्यापासून ही पोरही कशालाही “या, आय ॲम गुड” म्हणते. आणि घरात सगळे ते खरं धरून चालतात.

‘बरी आहेस ना?’ हे ओठांवर आलेलं त्यांनी गिळलं.

“रुही, बाबाची आठवण कधी येते गं तुला?”

रुहीचा अंगठा फोनवर थांबला.

“गॅरेजचं दार वाजलं की,” ती म्हणाली. “रोज वाटतं, आला.”

काकू सरकून तिला चिकटून बसल्या. “मला वाटलं, मलाच वाटतं तसं.”

तेवढ्यात आश्लेषाची गाडी आली. दार घरघरत वर चढू लागलं. आश्लेषाच ती, दोघींनाही ठाऊक होतं. तरी एकमेकींचा हात घट्ट धरून त्या गॅरेजमधून स्वयंपाकघरात उघडणाऱ्या दाराकडे बघत राहिल्या.