मागच्या खोलीपर्यंत वायफाय

वडील गेल्यावर पाचव्या दिवशी आमच्या घरात वायफाय मागच्या खोलीपर्यंत न्यायचं ठरलं. ते असताना हे काम चार वर्षं रखडलं होतं. त्या खोलीत फक्त तेच राहत, आणि त्यांना काय करायचंय इंटरनेट, असं आम्हा सुशिक्षितांचं मत होतं.

घाई होती ती धाकट्या भावामुळे. तो मालवाहू जहाजावर असतो. अंत्यविधीला पोचू शकला नाही. जहाज दोन दिवस बंदरात होतं, तेवढ्यातच त्याला व्हिडिओ कॉल करता येणार होता. पुढे नुसता समुद्र. आईला त्याचा चेहरा बघायचा होता. पण ती बसली होती मागच्या खोलीत, वडिलांनी प्राण सोडला त्या जागी लावलेल्या दिव्यापाशी. तो दहा दिवस विझू द्यायचा नसतो. राउटर पुढच्या पडवीत, मधे चिऱ्याच्या चार भिंती. मोबाइलची रेंज त्या खोलीत कधीच नव्हती.

"वाईच पडवीत ये गो आये, पाच मिनटां," मी म्हटलं.

"आणि दिवो कोण बघतलो? तुझी पुस्तकां?"

कंपनीला फोन केला. तिथल्या बाईंनी शुद्ध मराठीत सांगितलं की माझी तक्रार त्यांच्यासाठी अत्यंत महत्त्वाची आहे आणि सात कामकाजाच्या दिवसांत माणूस येईल. जहाजाला तसं कळवू का, हे विचारायचं राहून गेलं.

शेवटी केबलचं काम करणारा चुलतभाऊ आला. भावकीतला, म्हणजे सुतक त्यालाही. त्यामुळे आमच्याकडे चहा प्यायला त्याला हरकत नव्हती. तो तीन कप प्याला. मग त्याने वायफाय लांबवायची डबी आणली आणि थेट मागच्या खोलीत लावली. जिथे काहीच पोचत नाही तिथून ती काय लांबवणार, असं मी नम्रपणे विचारलं.

"तू वाचलं असशीत. मी बसवतंय."

अर्ध्या तासाने, आमच्या पूर्वजांना भिंती बांधता येत नव्हत्या असं ठरवून, तो माळ्यावर चढला आणि राउटरपासून वायर ओढू लागला.

वाशांमधून सोडलेलं तिचं टोक नेमकं दिव्याभोवतीच्या पिठात पडलं. आमच्याकडे दिव्याभोवती तांदळाचं पीठ पसरतात. त्यावर जी खूण उमटेल, त्यावरून गेलेला माणूस कुठल्या जन्माला गेला ते समजतं. चुलतभावाने वायर घाईने वर ओढली. पिठात नागमोडी ओरखडा राहिला. तेवढ्यात आत्या आत आली.

"नाग!" तिने हात जोडले. "दादा नाग होवन इलो!"

पाच मिनिटांत अर्धी वाडी दारात जमली. माणूस मुळातच अबोल होता, हेही कुणाच्या तरी लक्षात आलं. खोलीत कोणी पाय टाकायचा नाही, असा आत्याने हुकूम सोडला. चुलतभाऊ माळ्यावरून मला खुणावत होता, गप्प बस. मी एम.ए. आहे. मी गप्प बसलो.

"नाग खंयचो गो?" आई म्हणाली. "वायर पडली. मी हयच बसलंय, डोळे आसत माका." मग वर बघून, "सोड रे ती परत, मेल्या. झील थंय जहाजार वाट बघता हा."

"परत पिठात पडात!" आत्या ओरडली.

"पडांदे. तेंका चलात," आई दिव्याकडे बघत म्हणाली.

थोड्या वेळाने फोनवर भाऊ दिसला. त्याने जहाजावर स्वतःच्या हाताने डोकं भादरलं होतं. कानामागे दोन ठिकाणी कापलं होतं.

"हळद आसा काय रे थंय?" आईने विचारलं. त्याने कानामागे हात नेला. मी कॅमेरा उलटा करून दिला आणि तिने फोन दिव्यासमोर धरला. "हय गेले," ती म्हणाली. "बघ."

पलीकडून काहीच येईना. चित्र हलेना.

"अडकला," चुलतभाऊ म्हणाला आणि वायरीकडे वळला.

"हात लावू नको," आई म्हणाली. "अडकूक नाय. रडता हा तो." आणि तिने फोन तसाच धरून ठेवला.