माझ्यानंतरचं नाव

मोठे व्यापारी कंपनीच्या नावाशिवाय ऑर्डर देईनात, म्हणून मी सीएकडे गेलो. सीमाभागातल्या वडगावात आमची यंत्रमागाची शेड, साड्यांचं काम. त्यांनी समजावलं, एकट्यालाही कंपनी काढता येते: भागधारक मीच, संचालकही मीच, पत्ता शेडचा, दारावर नावाची पाटी, दरवर्षी हिशेब तपासून सरकारला कळवायचं, नाहीतर दंड. मी मान डोलावत होतो. मग त्यांनी, चहा घेणार का विचारावं तसं, विचारलं, तुम्ही गेल्यावर कोण? एकट्याची कंपनी असली की मालकानंतर तिथे कोण येणार, ते आधीच लिहून द्यावं लागतं आणि त्या माणसाची लेखी संमतीही लागते. मला त्यांचा रागच आला.

मुलगी शाळेत, वयात न आलेल्याचं नाव चालत नाही. राहिली बायको. ती मागावर बीम जोडते, म्हणजे संपत आलेल्या उभ्या ताण्याच्या टोकांना नव्या ताण्याचे धागे एकेक गाठ मारून बांधते. माग कधी रिकामा राहत नाही. मी म्हटलं, तसंच समज, मी संपलो की पुढे तू. बोलून गेलो आणि जीभ चावली. तिचे हात थांबले. तुमच्या मरणावर सही करणार नाही म्हणाली, आणि कागदाला हात लावला नाही. मी चिडलो, आदळआपट केली. मग एक दिवस ती एकटीच सीएकडे जाऊन आली आणि गुपचूप सही करून मोकळी झाली. काय बोललीस, विचारलं, तर म्हणाली, शंका होत्या.

त्यानंतर तिच्या चौकशा सुरू झाल्या. सूत कोणाकडून येतं, किल्ल्या कुठे असतात, बँकेत कोणाला भेटायचं. कन्नड आणि इंग्रजी अक्षरांत पाटी लागली, त्यावर माझं आडनाव. मी खोकलो तरी ती मान वळवून बघायची. ते बघणं मला आवडत नसे.

एकदा खानापूरला लग्नाला गेलो होतो, तो लवकर परतलो. गल्लीत करंट गेला होता. आमच्याकडे माग थांबले की कानात दडे बसल्यासारखं होतं. शेडच्या दारात उभा राहिलो. माझ्या खुर्चीवर ती बसली होती, समोर निपाणीचा एक नवा व्यापारी. त्यानं मालक कुठे आहेत विचारलं.

"मीच हाय. बोला," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली आणि भाव सांगायला सुरुवात केली. कामगार मागांशी टेकून बसले होते. कोणाचंच माझ्याकडे लक्ष नव्हतं. मी नसतानाची दुपार डोळ्यांसमोर चालली होती आणि त्या दुपारीत कशाचीच उणीव नव्हती. करंट आला, माग धडधडले, तेव्हा तिनं वर बघितलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

व्यापारी गेल्यावर मी तडकलो. माझी जागा घ्यायची एवढी घाई कशाला, असं नको ते बोललो.

"मला कुटं चालवायचीय ही कंपनी," ती म्हणाली. "सीए सायबांना त्येच इचारायला गेलते, बंद कशी करायची म्हणून. समद्यांची देणी भागवायची, कामगारांचं बघायचं, मग सरकार नाव काढून टाकतंय. त्यासाठनं शिकून घेतलंय समदं."

चांगली चाललीय की, मी म्हटलं.

"चालू दे. तुमी हाय तवर. तुमचं नाव लावून तुमच्याबिगर दारात ऱ्हाणारी वस्तू मला नको."

माझ्या पश्चात काय काय करायचं ते तिनं पाठ करून ठेवलं होतं. मला भरून आलं आणि भीतीही वाटली. ती माझ्या खुर्चीवरून उठली, बसा म्हणाली. मी उभाच राहिलो.