बटाटा आणि निळा कागद

पन्नासचं दशक सरत आलं होतं. चिंचवडच्या एका लहानशा कारखान्यात मी ड्रॉइंग काढायच्या कामावर होतो. दिवसभर बोर्डावर वाकून पाठ धरायची. सुटी झाली की तोंडावर पाणी मारून पुन्हा उभं राहायचं, कारण कामगारांना ड्रॉइंग वाचायला शिकवायचं काम साहेबांनी माझ्या गळ्यात घातलं होतं. ज्याला ते वाचता येईल त्याला मशीन मिळणार, बाकीचे हेल्परच राहणार.

वर्ग मालाच्या शेडमध्ये भरायचा. समोरची माणसं माझ्याइतकीच शिणलेली. मी फळ्यावर एका ठोकळ्याची तीन चित्रं काढायचो, समोरून, वरून आणि बाजूने. सगळे माना डोलवायचे. समजून डोलवताहेत की पेंगताहेत, ते कळायचं नाही.

एके दिवशी चाकणकडचा एक शेतकरी गडी उभा राहिला. चाळिशीचा असेल. आठवडाभर चिंचवडला मेव्हण्याकडे राहायचा आणि सुटीला गावी जायचा.

"मास्तर, ह्यो ठोकळा तीनदा काढलाय. म्हंजी तीन नग करायचं का?"

कुणी हसलं नाही. म्हणजे बाकीच्यांनाही तसंच वाटत होतं. इतके दिवस मी बोललो ते कुठे गेलं, असं मनात आलं आणि मी खुर्चीत बसलो.

दुसऱ्या दिवशी घरून एक बटाटा आणि सुरी घेऊन गेलो. बटाट्याचा ठोकळा कापला, त्याला मधोमध भोक पाडलं आणि सगळ्यांच्या हातून फिरवला. मग तो उभा चिरून आतलं भोक दाखवलं. शेडमध्ये एकदम बोलणं सुरू झालं. "आत्ता कळलं!" तो गडी म्हणाला. पुढच्या सोमवारी त्याने गावाहून पिशवीभर बटाटे आणले. आम्ही रोज कापायचो. उरलेले तुकडे मी घरी न्यायचो. बायको ते धुऊन भाजीत टाकायची आणि म्हणायची, "उद्या तरी भोकं न पाडता आणा."

मला वाटलं, सुटलो.

परीक्षेच्या दिवशी साहेबांनी प्रत्येकापुढे ड्रॉइंगचा निळा कागद, म्हणजे ब्लूप्रिंट, ठेवला. पांढऱ्या रेघा, आतल्या भोकाची तुटक रेघ, बाजूला मापं. शाळेत चार बुकं शिकलेली पोरं निभावली. तो गडी कागदाकडे बघत बसून राहिला. बाहेर आल्यावर म्हणाला, "मास्तर, बटाट्यात समदं दिसत हुतं. हितं तुटकी रेघ बगितली, मला वाटलं तितं चीर गेलीया."

 घरी चालत येताना विचार थांबेना. कागदावरून बटाट्याकडे मी त्यांना आणलं होतं. बटाट्यावरून पुन्हा कागदाकडे कुणी कसं जायचं? बटाटा चिरला की आतलं दिसतंच. कागद चिरता येत नाही. तिथे न दिसणाऱ्या गोष्टीसाठी रेघ लागते, आणि ती रेघ ज्याने त्याने स्वतः काढल्याशिवाय कळत नाही.

नापास झालेल्यांचा वर्ग पुन्हा माझ्याकडेच आला. आता बटाटा कापला की मी तो कागदावर ठेवायला सांगायचो, भोवतीने पेन्सिल फिरवायला लावायचो, मग कूस बदलून पुन्हा. आतलं भोक कुठे असेल ते अंदाजाने तुटक रेघेने काढायचं आणि नंतर चिरून ताडून बघायचं. काम फार सावकाश चाले. त्या गड्याच्या हातात पेन्सिल नांगराच्या मुठीसारखी असायची, टोक सारखं मोडायचं. एकदा चिडून म्हणाला, "मला न्हाई जमायचं, मास्तर." मी म्हणालो, "मलाही आज जमत नाहीये. बसा."

दुसऱ्या परीक्षेत तो कसाबसा पास झाला आणि त्याला भोकं पाडायचं मशीन मिळालं. मला सांगायला आला तेव्हा मी टेबलावर डोकं टेकून होतो. त्याने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला आणि शेजारी बसला. जरा वेळाने साहेबांचा निरोप आला: नवीन माणसं भरली आहेत, सोमवारपासून वर्ग घ्या. मी हो म्हणालो.