भानू द्यायचा की ठेवायचा?

आमच्या कांदा-बटाटा विभागात सकाळी झाडू मारला, तरी दुपारपर्यंत कांद्याची टरफलं पुन्हा घोट्यापर्यंत येतात. किश्श्यांचंही तसंच. एक सांगून बाजूला सारावा, तोवर चार नवे गोळा झालेले असतात. आमच्या क्रिकेट टीमचे किस्से मोजणं तर मी सोडूनच दिलंय, आणि मोजमाप हाच माझा धंदा आहे! मार्केट यार्डात माझं काम तोलणाराचं. पोती काट्यावर चढवायची आणि वजन सांगायचं. वजनात कुणाची बाजू घेत नाही, म्हणून टीमने मला स्कोअरर करून टाकलं.

शनिवारी यार्डाला सुट्टी. त्या दिवशी सकाळी आमच्या विभागांच्या मॅचेस होतात. कांदा-बटाटावाले, फळवाले, फुलवाले, भुसारवाले. नियम एकच. ज्या विभागात काम करता, त्याच टीमकडून खेळायचं. आमचे कॅप्टन नाना, वय एकसष्ट, कांद्याचे अडते, बॅटिंगला अकरावे. नऊ वर्षं कप नाही, तरी गाळ्यातल्या फळीवर त्यांनी कपाची जागा रिकामी ठेवलेली आहे. आमचा बॉलर भानू. हमाल, वय त्रेचाळीस, गाव वेल्ह्याकडचं. उरलेले नऊ जण ग्राउंडवर हजर असतात, एवढंच त्यांच्याबद्दल सांगता येईल.

गेल्या वर्षी सबंध हंगामभर आमच्यापुढे एकच प्रश्न होता. भानू फळवाल्यांना द्यायचा की ठेवायचा?

*

भानूचा रनअप पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, हा बॉल टाकायला नाही, पोतं टाकायला येतोय. मान खाली, पाठ वाकलेली, बारीक पावलं. ट्रकपासून गाळ्यापर्यंत जेवढी पावलं, तेवढाच रनअप. शेवटी खांदा झटकतो आणि तोवर मधला स्टंप गेलेला असतो.

एकदा सदाशिव पेठेतला एक तरुण नानांच्या ओळखीने आला. कोचिंगचा कोर्स केलेला. हातात वही, गळ्यात शिट्टी.

"काका, या वयात लोड मॅनेजमेंट महत्त्वाचं असतं," तो भानूला म्हणाला. "खांद्यावर किती लोड येतो ते रोज लिहून ठेवायचं. काल किती होता?"

"कालच्याला कमी व्हता," भानू म्हणाला. "दोनच ट्रक."

"ट्रक?"

"चारशे पोती. पर आमी सहा जण व्हतो."

तरुणाने वही मिटली. त्याने विचारलं, "मग इथे शनिवारी येऊन एवढी बॉलिंग कशी करता?"

"हितं व्हय? हितं आराम करतो."

त्यानंतर तो तरुण आमच्याकडे आला नाही. शिट्टी मात्र विसरून गेला, ती अजून अंपायर वापरतो.

*

फळवाल्यांचे कॅप्टन बबनशेठ. आंब्यातलं मोठं नाव. त्यांच्याकडे बॅट्समन चांगले, टी-शर्ट त्याहून चांगले. बॉलर मात्र असे, की त्यांच्या ओव्हरमध्ये प्रेक्षकांनाच बॉल शोधायला जावं लागतं.

एका शनिवारी मॅच संपल्यावर बबनशेठ आमच्या बाजूला आले. भानूभोवती एक चक्कर मारली. मग अंगठ्याने त्याचा खांदा हलकेच दाबून बघितला, हापूस बघतात तसा.

"शेठ," नाना म्हणाले, "वासही घेऊन बघा."

बबनशेठ हसले नाहीत. धंद्याच्या वेळी ते हसत नाहीत. "दोन बॅट्समन देतो," ते म्हणाले. "वर विकेटकीपर. भानूची हमालांची टोळी बदलून घ्यायची जबाबदारी माझी. त्याची पोती बंद. आमच्याकडे पेट्या असतात. हलक्या."

'हलक्या' म्हणताना ते नानांकडे बघत नव्हते, भानूकडे बघत होते. भानूचा डावा गुडघा दोन वर्षं कुरकुरतोय, हे सगळ्या यार्डाला माहीत होतं.

*

दोन दिवसांनी चहाच्या टपरीवर टीमची मीटिंग बसली. माणसं अकरा, मतं चौदा.

एकजण म्हणाला, "द्या. कांद्याला कोंब फुटायच्या आत विकलेला बरा. नंतर कोण घेतो?"

दुसरा म्हणाला, "दोन बॅट्समन आले तर कप आला समजा."

तिसरा म्हणाला, "आणि भानू गेला तर टाकणार कोण?" यावर कुणीतरी आणखी चहा सांगितला.

मला विचाराल, तर मला त्याने जावंसं वाटत होतं. मी रोज त्याला काट्यापाशी पोतं उतरवताना बघतो. उतरवल्यावर तो जरा वेळ काट्याच्या दांड्याला धरून उभा राहायचा, वजन बघतोय असं दाखवत. वजन बघायचं काम माझं होतं. पण स्कोअररला मत नसतं.

तासाभराने लक्षात आलं, की बारा ग्लास मागवलेत आणि भानू तिथे नाहीच. तो पलीकडे ट्रक खाली करत होता. मीच त्याला जाऊन सांगितलं, "अरे, तुझीच मीटिंग चाललीय. तुला कुणी विचारलं का?"

पाठीवरचं पोतं न उतरवता तो म्हणाला, "कांद्याला कुनी इचारतंय का?"

*

नानांना 'नाही' म्हणता येत नाही. चाळीस वर्षं भाव करण्यात गेली. समोरचा वर चढत असताना सौदा मोडणं त्यांच्या रक्तात नाही. मग त्यांनी युक्ती काढली. बबनशेठ भेटले की मालाची बदनामी सुरू.

"अहो, गुडघा पार गेलाय त्याचा."

"बॉल स्विंग होत नाही आताशा."

"खातो किती! तुमचं दिवाळं काढेल."

पण समोरचाही व्यापारीच. आपल्याच मालाला नावं ठेवणारा अडता बबनशेठांनी जन्मात बघितला नव्हता. त्यांनी हिशोब केला, माल अस्सल असल्याशिवाय हा माणूस असं बोलणार नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिसरा बॅट्समन वाढवला.

बदनामी भानूच्या कानावर गेली. पुढच्या प्रॅक्टिसला नाना बॅटिंगला उभे राहिले, तेव्हा भानूने दोन पावलं लांब रनअप घेतला. पहिल्या बॉलला नानांचे तिन्ही स्टंप आडवे. दुसऱ्या बॉलला पुन्हा तिन्ही. तिसऱ्याला नानाच आडवे.

कपडे झटकत नाना उठले आणि मला म्हणाले, "लिहून ठेव. गुडघा बरा दिसतोय."

*

भानूची बायको सुरेखावहिनी आमच्याच गाळ्यावर कांदा निवडतात. त्या एक दिवस निवडणं अर्धवट टाकून थेट नानांसमोर उभ्या राहिल्या. योगायोगाने बबनशेठही तिथेच बसलेले.

"शेठ, त्येला आंब्याचा वास सोसत न्हाई," वहिनी म्हणाल्या. "डोकं धरतं."

बबनशेठ क्षणभर गडबडले. "मग सीताफळावर लावू की. सीताफळाला कुठे वास असतो?"

वहिनींनी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. नानांना म्हणाल्या, "मला इचाराल, तर जावं त्यानं. पेटी हलकी असती. सांजच्याला घरी येतंय तवा पायरी चढता येत न्हाई त्येला. पर मी सांगून बगितलं. म्हनतोय, नाना सांगतील तसं. तुमी सांगा, म्हंजी सुटंल."

"काय सांगू?" नाना म्हणाले.

"ते तुमी ठरवा. कॅप्टन तुमी हाय."

वहिनी परत जाऊन कांदे निवडायला बसल्या. त्या दिवशी नानांनी दोन गिऱ्हाइकांना एकच माल विकला आणि दोघांची बोलणी खाल्ली.

*

यार्डात माल घेण्याआधी नमुना बघतात. बबनशेठांनी भानूचा नमुना मागितला. फुलवाल्यांविरुद्ध एक मॅच, नियम तेवढ्यापुरता बाजूला ठेवून, त्याने फळवाल्यांकडून खेळायची. नानांना नाही म्हणता येत नाही, हे मी सांगितलंच.

भानू केशरी टी-शर्टमध्ये आला. टी-शर्ट त्याला खांद्यात होत नव्हता, म्हणून बाह्या कापल्या होत्या. बबनशेठांनी फिल्डिंग लावली. भानू रनअपच्या टोकाला गेला आणि तिथेच उभा राहिला. एक मिनिट. दोन मिनिटं. अंपायरने शिट्टी वाजवली. भानू बबनशेठांकडे बघतच नव्हता. बाउंड्रीबाहेर छत्री घेऊन नाना बसले होते, त्यांच्याकडे बघत होता.

नानांचा हात आपोआप वर गेला. थर्डमॅनला जरा आत घेतलं, मिडऑफला मागे ढकललं. आणि फळवाल्यांचे फिल्डर निमूटपणे सरकले! मग भानूने बॉल टाकला.

मॅच फळवाल्यांनी जिंकली. बबनशेठ नानांपाशी येऊन म्हणाले, "नमुन्याबरोबर तुम्ही फुकट मिळता का?"

नाना उठून भानूला न्यायला निघाले, तेव्हा बबनशेठांनी अडवलं. "नमुना परत करतात, असं यार्डात कधी झालंय? तरी करतो. पण पुढच्या शनिवारी तुमच्याशीच मॅच आहे. तेव्हा मला हो की नाही सांगायचं. आणि तोंडी नाही. जुन्या पद्धतीने."

*

जुनी पद्धत म्हणजे रुमालाखालचा सौदा. पूर्वी यार्डात भाव तोंडाने ठरत नसे. दोघांनी हातात हात घ्यायचा, वर रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबून बोलायचं. दोघांची बोटं जुळून रुमाल उठला की सौदा पक्का. मग देवही आला तरी मोडत नाही. आता ती पद्धत बंद झाली, पण नाना आणि बबनशेठ त्याच शाळेत शिकलेले.

त्या शनिवारी फळवाल्यांची बॅटिंग आधी झाली. भानूने चार विकेट घेतल्या. शेवटची ओव्हर त्याने लंगडत टाकली आणि ती संपल्यावर तो सुरेखावहिनींच्या शेजारी मातीत बसला. वहिनी त्याच्या गुडघ्याला तेल लावू लागल्या. इनिंग-ब्रेकमध्ये बबनशेठ पिचवर आले आणि त्यांनी नानांपुढे हात केला. सगळे गोल करून उभे राहिले.

"रुमाल?" नाना म्हणाले.

बबनशेठ टी-शर्टमध्ये. नाना टी-शर्टमध्ये. बावीस जणांत एकाकडेही रुमाल नाही. रुमालाएवढं फडकं फक्त एकाच्या खांद्यावर होतं.

"भानू," नाना म्हणाले. "टॉवेल दे रे."

भानू उठला. लंगडत आला. खांद्यावरचा टॉवेल काढला, नीट उलगडला आणि स्वतःच्या हाताने दोघांच्या हातांवर घातला. मग दोन पावलं मागे जाऊन मान खाली घालून उभा राहिला.

टॉवेल हलायला लागला. बबनशेठांची बोटं चालली होती, ते बाहेरून कळत होतं. एकदा दाबलं. पुन्हा दाबलं. बहुधा चौथा बॅट्समन. नानांचा हात काही हलेना. नाना भानूकडे बघत होते, भानू जमिनीकडे. वहिनींच्या हातातली तेलाची बाटली तशीच उघडी होती.

एकाएकी नानांनी हात बाहेर काढला आणि टॉवेल चिमटीत धरून वर उचलला. घामाने निथळत होता.

"टॉवेल ओला आहे," नाना म्हणाले. "ओल्या टॉवेलाखाली सौदा धरत नाहीत."

बबनशेठ म्हणजे यार्डात चाळीस वर्षं काढलेला माणूस. त्यांनी असा नियम ऐकला नव्हता. कुणीच ऐकला नव्हता. ते माझ्याकडे वळले. "काय हो तोलणार, तुम्ही खोटं बोलत नाही. आहे असा नियम?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. भानूनेही मान वर केली.

"आहे," मी म्हणालो. "जुना आहे."

मॅच आम्ही सात रनांनी हरलो. नाना शून्यावर आउट. फळीवरची जागा अजून रिकामीच आहे. सोमवारी नानांनी हमालांच्या टोळीच्या मुकादमाशी बोलून भानूला माझ्याजवळ काट्यापाशी उभं केलं. पोती सरकवायची, पाठीवर घ्यायची नाहीत. त्या दिवसापासून नानांच्या डब्यात वहिनींची एक भाकरी जास्त असते.

बबनशेठ अजून दर शनिवारी विचारतात. आणि भानू ग्राउंडवर आला, की बूट घालण्याआधी कोपऱ्यातल्या नळावर जातो. कोरडा टॉवेल नळाखाली धरतो, चांगला भिजवतो आणि न पिळता खांद्यावर टाकतो.