आत्याबाईंची अट आणि जपानी काठी

आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. लातुरातलं लिंगायत घर, नवऱ्याचं किराणा दुकान, आणि देवघरात सकाळी सासूबाईंची इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय गॅसवर चहासुद्धा चढत नाही. अशा घरात मी मासे पकडायची काठी घेऊन आले, तेव्हा काय झालं असेल ते तुम्हीच ताडा.

काठीची गोष्ट थोडक्यात सांगते. मी कॉलेजात बायोलॉजी शिकवते. यंदा मार्चमध्ये दोन मैत्रिणींबरोबर हिमाचलला गेले होते. तिथे थंडीनंतर ट्राउट माशांचा हंगाम नुकताच उघडला होता. बर्फाच्या पाण्याची छोटी नदी, आणि आमचा होमस्टेवाला ‘तेन्कारा’ नावाच्या जपानी पद्धतीनं मासे धरत होता. लांब, लवचीक, एकात एक सरकून मिटणारी काठी, तिच्या टोकाला बांधलेली दोरी, दोरीच्या शेवटी बारीक गळावर गुंडाळलेली दोरा-पिसाची खोटी माशी. रीळ नाही, आमिष नाही. माशी पाण्यावर टेकवायची, ट्राउट वर येऊन ती धरतो, आणि काठीतून हातात एक थरथर येते. मग मासा सोडून द्यायचा. ती थरथर पहिल्यांदा हातात आली तेव्हा मी चक्क रडले. बेचाळीस वर्षांची बाई, गुडघाभर गार पाण्यात उभी राहून रडत होते. परत येताना त्याच्याकडची जुनी काठी विकत घेऊन आले.

शिवा, म्हणजे माझा नवरा, आधी हसला आणि मग माशीकडे बघून म्हणाला, “हे पीस कोंबड्याचं हाय का?” मी म्हटलं, गळून पडलेलं असेल. आत्याबाई (मी सासूबाईंना आत्याबाई म्हणते) काठीला वळसा घालून देवघरात गेल्या. चार दिवसांनी त्यांनी निकाल दिला.

“एक बी मासा तुझ्या हातानं मेला, तर काठी घरात ऱ्हायची न्हाई. कुणाला बी देऊन टाकायची.”

मी कबूल झाले. लग्नाला अठरा वर्षं झाली, या घरात माझं म्हणून जे काही आहे ते सगळं कुणा ना कुणाच्या उपयोगाचं आहे. ही काठी तेवढी कुणाच्याच उपयोगाची नव्हती, म्हणून मला ती हवी होती.

आपल्याकडे ट्राउट नाही, ते माहीत आहे. पण पाऊस ओसरला की आपले ओढे-नाले निवळतात, आणि त्यात बोटभर, फार तर वीतभर चंदेरी मासे वर येऊन किडे खातात. ट्राउट नाही तर हे. आपला हंगाम म्हणजे ऑक्टोबरची सुरुवात. मी दोन दिवसांचा बेत आखला: लातूर ते नांदेड, वाटेत एक ओढा, दुसऱ्या दिवशी अर्धापूरकडचा एक. शिवाला दुकान सोडता येत नव्हतं. आत्याबाई म्हणाल्या, “मी येते. बघू दे मला बी काय करायलीस ते.” म्हणजे परीक्षक सोबत घेऊनच निघायचं होतं.

पहिला दिवस

शनिवारी आत्याबाईंची पूजा आटोपली आणि आम्ही आमच्या जुन्या गाडीतून निघालो. चाकूर, शिरूर ताजबंद, अहमदपूर, लोहा असा सरळ रस्ता आहे. रस्ता आता चांगला झालाय, तरी गावाजवळचे गतिरोधक न रंगवलेले असतात, तेव्हा जपून. चहा-नाश्ता धरून नांदेडला पोचायला तीन-साडेतीन तास लागतात. दोन्ही बाजूंना सोयाबीनची काढणी चाललेली, आणि तूर नुकती फुलायला लागलेली.

अहमदपूरच्या पुढे बालाघाटच्या टेकड्यांमधून एक ओढा रस्त्याखालून जातो. गाडी पुलाच्या अलीकडे लावली. ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी सांगते: तलावांचे ठेके दिलेले असतात, तिथे विचारल्याशिवाय काठी काढू नका. ओढ्यावर कुणी हटकत नाही, पण शेतातून जायचं तर मालकाला हाक मारावी. आम्ही मारली. सोयाबीन गोळा करणाऱ्या बाईंनी हात वर करून “जावा की” म्हटलं आणि मग काम सोडून आमच्याकडेच बघत बसल्या.

आत्याबाई एका खडकावर पदर खोचून बसल्या. मी काठी उघडली. पहिल्या तासात बाभळीला तीन वेळा माशी अडकली आणि मासा एकही नाही. वरून टिप्पणी आली, “झाडावर मासे ऱ्हातेत का गं?”

मग एका खडकामागे, जिथे पाणी वळून संथ होत होतं, तिथे माशी अलगद टेकली. खालून एक चंदेरी रेघ वर आली. काठी वाकली. मासा तळहाताएवढा, अंगावर काळसर ठिपके. मी हात ओले केले, पाण्यातच त्याला धरलं, बिनकाट्याचा, म्हणजे टोकाला उलटं अणकुचीदार दात नसलेला, गळ हलकेच मागे सरकवला आणि हात उघडला. गेला. माझा जीव भांड्यात पडला.

“जिता हाय?” आत्याबाईंनी खडकावरून विचारलं.

“गेला की पळून.”

“मला दिसला न्हाई. पुन्हा धर.”

दुपारपर्यंत आणखी काही मासे लागले आणि सगळे सुखरूप गेले. आत्याबाई खडकावरून उतरून माझ्या शेजारी कधी येऊन बसल्या ते कळलंच नाही. मला पाण्यात काही दिसायच्या आधी त्या बोट दाखवायला लागल्या. “थितं बघ, त्या शेवाळापाशी. न्हाई गं, डाव्या अंगाला!” मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे. मी त्यांना इतकं उत्साहानं बोलताना गेल्या कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

जेवण घरून नेलेलं: ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याची भाजी. लोह्याला टपरीवर चहा घेतला. टपरीवाल्या चाचांनी गाडीतली काठी पाहून विचारलं, “क्या बाई, मछली लगी क्या?” मी काही बोलायच्या आत आत्याबाई म्हणाल्या, “लगी, लगी. छोड दिया सबको.” चाचांनी आमच्याकडे असं पाहिलं की मला हसू आवरेना. नांदेडला स्टेशनजवळ साधी, स्वच्छ खोली मिळाली. शनिवार-रविवारी गुरुद्वारामुळे गर्दी असते, आधी फोन करून ठेवलेला बरा.

दुसरा दिवस

अर्धापूरच्या रस्त्याला लागलं की केळीच केळी. घडांवर निळ्या पिशव्या चढवलेल्या, आणि बागांच्या मधून आसनेला मिळणारे छोटे नाले. आम्ही थांबलो तिथे एका बागेच्या कडेनं पाणी वाहत होतं, स्वच्छ, पोटरीभर. बागेत घड उतरवणारा एक माणूस होता. त्यानं काठी पाहिली आणि म्हणाला, “एवढ्या बारक्या मासळीला एवढं लांब काठूक? माझा बाप बोटाला दोरा बांधून धरायचा.”

सकाळी सगळं छान चाललं होतं. मी काठावर दगडांचं एक छोटं आळं केलं होतं. सोडायच्या आधी दमलेला मासा त्यात क्षणभर विसावायचा, मग उघड्या बाजूनं निघून जायचा. आत्याबाई त्या आळ्याशी बसल्या होत्या आणि प्रत्येकाला निरोप देत होत्या. त्यांचं माहेर कर्नाटकाच्या हद्दीवरचं. खूप माया आली की त्या कानडीत शिरतात. “होगप्पा, होगु,” म्हणायच्या. जा बाबा, जा.

मग एक मासा लागला, कालच्यापेक्षा मोठा, लालसर परांचा. त्यानं माशी जरा खोल घेतली होती. गळ निघाला, पण ओठाच्या कडेला रक्ताचा थेंब आला. असं होतं कधीतरी, पाण्यात राहिला की तो सावरतो. मी त्याला आळ्यात ठेवलं. दोरी मागच्या घाणेरीत गुंतली होती, ती सोडवायला मी वर गेले. काटेरी झुडूप, बारीक दोरी, वेळ लागला.

परत आले तर आत्याबाईंच्या मांडीवर, पदरात, तो मासा होता. एखादं बाळ धरावं तसा धरलेला. शेजारी त्यांचा हळदीकुंकवाचा करंडा उघडा. त्या बोटानं माशाच्या ओठाला हळद लावत होत्या.

“रगत आलं व्हतं गं,” त्या म्हणाल्या. “म्हटलं, जखम हाय, हळद लावावी. थांबंल रगत.”

माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, कोरड्या कापडानं तो निघून जातो. हळदीची पूड कल्ल्यांवर सांडली होती. मी त्याला घेतलं, पाण्यात धरलं, तोंड प्रवाहाकडे करून. कल्ले एकदा हलले. मग थोड्या वेळानं आणखी एकदा. आत्याबाई माझ्याशेजारी पाण्यात लुगड्यासकट बसल्या आणि त्यांनी आपला हात माझ्या हाताखाली घातला. आयुष्यात मासा न शिवलेली बाई. “होगप्पा,” त्या म्हणत होत्या. “होगु. होगप्पा.” किती वेळ आम्ही तशा बसलो होतो सांगता येणार नाही. माझे पाय बधिर झाले होते. हात थोडा सैल केला की मासा आडवा व्हायचा. शेवटी मी सांगितलं की तो गेला.

“हळदीनं गेला का?”

खोटं बोलावं असं वाटलं. “पाण्याबाहेर जास्त राहिला,” मी म्हटलं. “पण गळ माझा होता, आत्याबाई. माझ्याच हातून गेला असं समजा.”

“गळ तुझा व्हता. हात माझा व्हता.”

मी माशाला पाण्यात सोडून द्यायला निघाले तर त्यांनी अडवलं. एका चपट्या दगडानं त्या काठावरची माती उकरायला लागल्या. आमच्यात माणसाला जाळत नाहीत, पुरतात. मीही दुसरा दगड घेतला. केळीवाला माणूस डोक्यावर घड घेऊन चालला होता, तो थबकला.

“आज्जी, पुरता कशाला? मला द्या की, भाजून खाईन.”

“न्हाई बाबा,” आत्याबाई म्हणाल्या. “ह्यो माझा हाय.”

त्यानं घड खाली ठेवला आणि आम्ही माती सारखी करेपर्यंत उगाच उभा राहिला. आत्याबाईंनी चिमूटभर विभूती टाकली. जाताना त्यानं दोन पिकली केळी माझ्या हातात ठेवली. पैसे घेतले नाहीत.

त्या दिवशी आत्याबाई जेवल्या नाहीत. नांदेडला गाडी थांबवून मी थाळी मागवली, तर त्यांनी फक्त पाणी घेतलं. वाटेत अहमदपूरपाशी मी म्हटलं, “शिवाला सांगायची काही गरज नाही. विचारलं तर मी सांगेन, माझ्या हातून एक गेला. अट तशी माझ्यासाठीच होती.” त्यांनी काचेबाहेर बघत मान हलवली. ती हो होती की नाही, मला कळलं नाही. मी मनातून काठी दिलीच होती. कॉलेजातल्या एका सहकाऱ्याच्या मुलीला आवडेल, असा विचारही करून झाला होता. वाईट वाटत होतं, पण त्या शेजारी गप्प बसलेल्या बाईपुढे माझं वाईट वाटणं लहान होतं.

घरी

दिवेलागणीला पोचलो. शिवा दारातच चेष्टेच्या मूडमध्ये उभा. “काय, झाली का हत्या?”

मी तोंड उघडलं, पण आत्याबाई माझ्या पुढे झाल्या. चप्पलही काढली नव्हती.

“झाली. म्या केली.”

शिवाचं हसू विरलं. त्यांनी त्याला सगळं सांगितलं, पदर, हळद, माती, काही वगळलं नाही. अंगणात उभं राहून, पोरासमोर. सत्तरीच्या बाईला हे सोपं नसतं. शेजारच्या गॅलरीतही कुणीतरी ऐकत होतं.

“मग काठीचं?” शिवानं हळूच विचारलं.

“अट तिला घातली व्हती. तिनं एक बी मारला न्हाई. तिची काठी हाय, तिचं ती बघंल.” आणि त्या आंघोळीला गेल्या.

असं मी जिंकले. जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. पुढचे काही दिवस मी त्या पिसांच्या खोट्या माश्यांची डबी उघडायची आणि मिटायची. हा छंद लावून घ्यायचा तर एखादा मासा मरणार, हे मला हिमाचलातही माहीत होतं. बायोलॉजीची बाई आहे मी. पण माहीत असणं वेगळं आणि ते तळहातावर आडवं होणं वेगळं. मला कुणी काही म्हणत नव्हतं. शेवटी एका संध्याकाळी शिवाच्या दुकानातली पक्कड आणली आणि एकेका गळाचं वळण कापून टाकलं. पीस आणि दोरा राहिला, टोक गेलं.

माझ्यासारखं करा असं मी कुणालाही सांगणार नाही. कारण यात तोटा आहे, आणि तो साधासुधा नाही.

गेल्या रविवारी लातूरपासून जवळच, औशाकडच्या एका ओढ्यावर आम्ही दोघी गेलो. मी माशी टाकली. खालून चंदेरी रेघ आली, माशी तोंडात धरली, आणि थुंकून गेली. काठी वाकली नाही. हातात काहीच आलं नाही, ती थरथर, जिच्यासाठी मी हा सगळा उपद्व्याप केला, ती नाही. मला रडू आलं, या वेळी वेगळ्या कारणानं.

“आला!” मागून आत्याबाई ओरडल्या. “शैला, आला बघ! खाल्लं त्यानं, म्या बघितलं!”

मी वळून पाहिलं. त्या उठून उभ्या राहिल्या होत्या, एक हात कपाळावर, दुसरा पाण्याकडे, आणि म्हणत होत्या, पुन्हा टाक.