भिंगबाई आणि नव्या सालाची वाइन

बाटल्या भरायच्या खोलीत तिला सगळे भिंगबाई म्हणत. भरलेली बाटली उजेडासमोर धरायची, तळाशी गाळ आहे का, बुचाचा कण तरंगतोय का ते बघायचं आणि मगच पुढे सोडायची, हे तिचं काम. कामाची सवय घरातही शिरली होती. दूधवाल्याचं दूध, शेजारणीचं कौतुक, जावयाचं हसू, कशावरच तिचा चटकन विश्वास बसत नसे. तिचा नवरा त्याच वाइनरीत तळघराचा मुकादम होता.

तिथली गोड वाइन मोठी नावाजलेली. जेवणानंतर घोटभरच प्यायची, पण तेवढ्यासाठी लोक वर्षानुवर्षं थांबत. वेलीवरच बुरशी धरून सुरकुतलेल्या द्राक्षांची ती होते. बुरशी नीट धरली नाही, तर त्या सालाची वाइनच नाही. मागची दोन सालं अशीच वाया गेली होती. यंदा मात्र द्राक्षं मनासारखी सुकली, रस मधासारखा घट्ट उतरला आणि आता कुठल्या पिंपांतली वाइन एकत्र करायची, ते मुकादमाने चाखून ठरवायचं होतं.

इथेच भिंगबाईच्या डोक्यात किडा वळवळला. नवऱ्याला मधुमेह. डॉक्टरांनी बजावलं होतं, चाखा आणि थुंका. हा माणूस थुंकत असेल, असं तिला मुळीच वाटत नव्हतं. एकदा रिकामी खोकी आणायला ती तळघरात गेली, तर चाखायच्या टेबलावर धुऊन पालथे घातलेले ग्लास दोन. चाखणारा एक, मग ग्लास दोन कशाला?

घरी गेल्यावर तिने त्याचं बोट टोचून साखर मोजली. साखर अगदी जागेवर होती. तिला हायसं वाटायला हवं होतं, पण ती जास्तच बेचैन झाली. साखर वाढली असती तर निदान भांडता आलं असतं.

"एवढं काय बघतेस त्या यंत्राकडे?"

"काही नाही. बिघडलंय बहुतेक."

मग एका रविवारी तो स्वयंपाकघरात पेपर वाचत बसला असताना शेजारच्या शेगडीवर दूध करपलं. घरभर वास सुटला, ती अंगणातून धावत आली, तरी याची मान पेपरातच. "लक्ष कुठे असतं हो तुमचं?" असं विचारलं तर पेपराची घडी घालून उठून गेला. भिंगबाईने दोन आणि दोन पाच केले. वाइनरीच्या प्रयोगशाळेत एक नव्या बाई आल्या होत्या, उंच, हसऱ्या. जेवणाच्या सुट्टीत त्या कुठे जातात ते कुणालाच ठाऊक नसायचं.

एका दुपारी डबा तसाच ठेवून ती चपला हातात घेऊन तळघराच्या पायऱ्या उतरली. पिंपांच्या रांगेपलीकडून आवाज आला, आणि तो बाईचा नव्हता.

"हे पिंप नको. सुरुवात छान आहे, पण शेवटी कडवट होतंय."

तिचा थोरला भाऊ होता तो. नदीपलीकडच्या वाइनरीत उभा जन्म काढून नुकताच निवृत्त झालेला. मुकादमाची ही जागा खरं तर त्याला हवी होती. ती मेहुण्याला मिळाली तेव्हा "याला नाक आहे, कणा नाही," एवढं बोलून त्याने बहिणीच्या घरी येणं-जाणं सोडलं होतं.

"दादा, तू इथे काय करतोयस?"

भावाने ग्लास खाली ठेवला आणि मेहुण्याकडे बघितलं. "तूच सांग आता."

"मला वास येत नाही," नवरा म्हणाला. "हिवाळ्यात ताप आला होता ना, तो जाताना नाक घेऊन गेला. जिभेला गोड, आंबट तेवढं कळतं. बाकी सगळं सपाट."

"आणि हे मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तू रोज माझ्याकडे गाळ असलेल्या बाटलीसारखं पाहिलं असतंस."

मग ती भावाकडे वळली. "आणि तुला कसला पुळका आला? नासकी पिंपं निवडून यांचं नाव घालवायचंय का?"

भाऊ चिडला नाही. "हा माझ्या दारात आला तेव्हा तसं मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू? पण पहिलं पिंप चाखलं आणि गप्प झालो. आमच्या काठावर अशी वाइन कधी झालीच नाही. ही बिघडवायला माझा हात वळला नसता."

तिने अर्धंच खरं मानलं. "मालकांना आजच सांगा," ती नवऱ्याला म्हणाली. "नाहीतर मी सांगते."

त्याने सांगितलं. मालकांनी भावाला उघडपणे निवड पुरी करायला सांगितली आणि मुकादमाला वेलींच्या देखरेखीवर पाठवलं. तिथे डोळ्यांनी भागत होतं.

वाइन भरायला आली तेव्हा भिंगबाईने एकेक बाटली नेहमीपेक्षा जास्त वेळ निरखली. काहीच सापडलं नाही, याचीच तिला टोचणी लागली. पुढे वाइन बाजारात आली, जाणकारांनी डोक्यावर घेतली. त्यांना फुकट मिळाली होती, म्हणून ते कौतुक तिने मोजलं नाही.

भाऊ पुन्हा घरी येऊ लागला. एकदा येताना त्या वाइनची बाटली घेऊन आला. नवऱ्याने चमचाभर जिभेवर ठेवली आणि विचारलं, "वास कसा आहे?"

भाऊ तोंड उघडणार तोच ती म्हणाली, "तू थांब. मी सांगते." तिने बराच वेळ ग्लास नाकाशी धरला. "सुक्या जर्दाळूचा आहे. मागून संत्र्याची साल. आणखी काहीतरी आहे, पण ते मला ओळखता येत नाही."

"बरोबर सांगतेय का रे ही?" नवऱ्याने मेहुण्याला विचारलं.

"जवळपास."

"जवळपास म्हणजे?" असं म्हणत भिंगबाईने भावाच्या हातातला ग्लास काढून घेतला आणि तोही हुंगून पाहिला.