तळाला हात

तळ्यावर येणाऱ्या प्रत्येक होडीच्या तळाला तो हात लावतो. पाहुणे आपापल्या होड्या गाडीच्या टपावर बांधून आणतात. दुसऱ्या पाण्यातून आलेली होडी धुऊन वाळल्याशिवाय इथे उतरत नाही. तळवा फिरवून तो म्हणतो, "कोरडी." म्हणून सगळे त्याला कोरडेकाका म्हणतात. खरं आडनाव हजेरीपटालाच ठाऊक.

याआधी तो दुसऱ्या तळ्यावर होता. तिथे कुणाच्या तरी होडीला चिकटून एक पाणवनस्पती आली. बोटभर तुकडा. तीन वर्षांत पाणी दिसेनासं झालं, वल्ही अडकू लागली, शेवटी धक्क्याला कुलूप लागलं. त्या हिरव्या शांततेबद्दल तो बोलत नाही. नुसता हात लावतो.

परवा सकाळी धक्क्याच्या खांबापाशी एक बारीक हिरवी काडी तरंगताना दिसली. मग आणखी दोन. रविवारच्या गर्दीत एक होडी त्याचा हात न लागताच धक्क्याकडे गेली होती. ते फक्त आपल्यालाच माहीत आहे, असं त्याला वाटत होतं. तो पायरीवर बसला.

तिकीट खिडकीतून बायकोने विचारलं, "अहो, काय झालं? चेहरा का असा?"

"आली ती. इथेही. माझ्याच हातून."

तळ्याच्या मालकीणबाई भिंग घेऊन आल्या. काड्या त्यांनी पांढऱ्या बशीत घेतल्या, वाकवल्या, चिमटीत चुरगाळल्या. चुरगळेचनात.

"काका, तुमचा ब्रश आणा बघू."

होड्या घासायचा ब्रश. हिरवा, नायलॉनचा, मधोमध टक्कल पडलेला.

आधी खिडकीतली बायको हसली. "अहो, ब्रशचे केस गळतायत! संगतीचा परिणाम, दुसरं काय?"

स्वतःच्या टकलावरून हात फिरवत तोही हसला. मग रविवारच्या होडीचं त्याने सांगून टाकलं.

"चिखल पाहून पाण्यात जाण्याआधीच मी परत पाठवली ती," मालकीणबाई म्हणाल्या. "विचारायचं नाही का?"

त्याने इतका लांब श्वास सोडला की बशीतली काडी हलली. पण नायलॉन तरी पाण्यात कशाला? पिठाची चाळण घेऊन तो कमरेइतक्या पाण्यात उतरला आणि दुपारपर्यंत स्वतःच्याच ब्रशचे केस वेचत राहिला.

"नवा लाल आणा हो!" तो तिथूनच ओरडला. "हिरवा नको बाबा!"

बाहेर आला तेव्हा नखशिखांत ठिबकत होता. बायकोने त्याच्या पाठीवर तळवा फिरवला.

"ओले," ती म्हणाली. "वाळल्याशिवाय घरात घेणार नाही."